छायाचित्रांतील स्थानाची नोंद जोडणे आणि दुरुस्त करणे
डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर ‘एक्झिफ’ माहिती (म्हणजे छायाचित्राची वेळ, कॅमेरा वगैरे तपशील) साठवलेली असते आणि अक्षांश-रेखांशाची नोंदही तिच्यातच असते. जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रांना ही नोंद द्यायची असेल, तर सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे छायाचित्रण चालू असताना मोबाइलवर प्रवासमार्गाची जीपीएक्स फाइल (म्हणजे कोणत्या वेळी कुठे होतो याची नोंद) नोंदवत राहणे आणि नंतर एक्झिफटूल किंवा डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती छायाचित्रांशी वेळेनुसार जुळवणे. घोटाळा होतो तो इथेच: जीपीएक्समधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तर कॅमेऱ्याचे घड्याळ सहसा स्थानिक वेळेवर लावलेले असते आणि अनेकदा थोडे मागेपुढेही असते, म्हणून सुरुवातीलाच त्या कॅमेऱ्याने मोबाइलवरील सेकंदांसह दिसणाऱ्या वेळेचे एक छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे नेमका फरक कळतो. मोजक्याच चित्रांसाठी मात्र एवढा खटाटोप नको. नकाशावर ठिकाण निवडले तरी पुरे.

दशांश पद्धतीने अंक भरताना दशांश चिन्हापुढे ५ स्थळे पुरेशी असतात, कारण अक्षांशातील ०.००००१ अंश म्हणजे सुमारे १.१ मीटर. दक्षिण अक्षांश व पश्चिम रेखांश ऋण चिन्हासह लिहावेत, अन्यथा चित्र थेट दुसऱ्या गोलार्धात जाऊन पडते. कोणताही बदल करण्यापूर्वी मूळ फाइलींची प्रत ठेवावी.