व्यसनमुक्ती केंद्रासाठी जागा: पायाभरणीच्या आधी सातबारा वाचा

कुणी वावर दान दिलं की मंडळी थेट बांधकामाला लागतात, आणि काम तिथंच अडकतं. निवासी केंद्र ही शेवटची पायरी. त्याआधी जे जागेशिवाय होतं ते सुरू करा.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण रुग्णालयात ठरावीक दिवशी यावं, असा लेखी अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या. दिवस आठवडी बाजाराचा मागा. त्या दिवशी गाड्या असतात, आणि माणूस नेमका कशासाठी तालुक्याला गेला हे कुणाला सांगावं लागत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटसभेला समाजमंदिर किंवा शाळेची खोली पुरते. दहा-पंधरा माणसं, संध्याकाळची वेळ. ग्रामपंचायतीचा वापराचा ठराव तेवढा घ्या. खोलीचं दार पानठेल्यासमोर उघडत असेल तर लोक येणार नाहीत, दुसरी खोली बघा.

आता जागा. सातबाऱ्यावर सर्वांत आधी भूधारणा पद्धत पाहा. ‘भोगवटादार वर्ग-2’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. मूळ मालक आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ लागतं. बिगर-आदिवासी संस्थेला नुसती भाड्यानं घ्यायलाही मंजुरी हवी. ई-क्लास किंवा गायरान (सरकारी चराऊ जमीन) ‘पडूनच आहे’ म्हणून सरपंचांनी दाखवलं तरी त्यावर वीटही ठेवू नका, ते अतिक्रमणच ठरतं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) ‘झुडपी जंगल’ ही नोंद खास तपासा. तिथं एक झाड नसलं तरी सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 च्या निकालात ही जमीन वनजमीन धरली आहे. तहसीलदाराच्या हातात ती सोडवणं नाही.

सातबारा स्वच्छ निघाला की नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी धरली आहे त्याचा) आणि भाग नकाशा घ्या. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जागा मिळाली तर उत्तम. तिथं राहण्यासाठी अकृषक (शेतीबाहेरच्या) वापराची वाट बरीच सोपी झाली आहे. पण निवासी अकृषक म्हणजे दवाखान्याची परवानगी नव्हे. अर्जात प्रयोजन ‘घर’ लिहून मागाहून खाटा टाकल्या, तर पहिल्याच तक्रारीला काम बंद पडतं. खरं प्रयोजन पहिल्या दिवशीच लिहा.

रस्ता भर पावसाळ्यात जाऊन बघा. काळ्या मातीतल्या पांदण रस्त्यावर उन्हाळ्यात जीप सहज जाते, आणि जुलैत 108 ची गाडी चाकाएवढी रुतते.

ग्रामसभेत विरोध होईल हे धरून चाला. ज्या बायांनी बाटली आडवी करायला (गावातलं दारूचं दुकान बंद करायला) मतदान केलं, त्याच ‘दारुडे गावात आणू नका’ म्हणतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. म्हणून सभेआधी घरोघर बसा: फाटक कुठं, रात्री कोण हजर, महिला रुग्ण येणार का, याची साधी उत्तरं द्या. सभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. हजेरी वहीवर सह्या झाल्या का ते बघा, नाहीतर ठराव पुढं टिकत नाही. तोंडी नकार स्वीकारू नका. कारणांसह लेखी उत्तर मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले मानसिक आजारही धरतो, आणि कलम 18 म्हणतं की उपचार राहत्या ठिकाणाजवळ मिळाले पाहिजेत. नकाराविरुद्धच्या अपिलात हाच मुद्दा मांडा.

रुग्ण ठेवणार असाल तर त्याच कायद्याच्या कलम 65 नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करा. तात्पुरती नोंदणी 12 महिने चालते. साखळीनं बांधून ठेवणं हा ‘उपचार’ कलम 95 नं, आणि एकट्याला कोंडून ठेवणं कलम 97 नं थेट बंद केलं आहे. कुठलंही केंद्र असं करत असेल तर तिथं माणूस पाठवू नका.

केंद्र उभं राहीपर्यंत गावानं एवढं तरी पाळावं: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात एकदम तोडू नये. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, ताप, बेभान अवस्था येऊ शकते, आणि त्यात माणूस दगावतो. हात थरथरायला लागले, घाम सुटला, की मांत्रिकाकडे नाही, दवाखान्यात न्या. 108, टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 हे तिन्ही क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवून घ्या. कागद एका पावसात जातो.