काजूतला रोठा: आधी बुंध्याशी बसा

काजूचं झाड पिवळं पडलं की आमच्या वेंगुर्ल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "खत कुठलं घालू?" खत राहू द्या. आधी बुंध्याशी बसा, गवत बाजूला सारा आणि अळीने पोखरून बाहेर टाकलेला लाकडाचा भुसा दिसतो का बघा. रोठा लागलेलं झाड वरून पिवळं दिसायला लागतं तोवर खालची साल बहुतेक खाऊन झालेली असते. मग औषध ओतायचं म्हणजे पैसे मातीत घालायचे.

रोठा म्हणजे काजूचं खोड आणि मूळ पोखरणारी अळी. मोठेपणी तिचा भुंगा होतो, तांबूस तपकिरी, लांब मिशांचा. मादी जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत सालीच्या भेगांत आणि उघड्या मुळांवर अंडी घालते. अळी सालीखाली शिरते आणि सहा-सात महिने तिथेच वेडीवाकडी फिरत खात राहते. अन्न खाली नेणारा थरच तुटला की मुळं उपाशी. पुरती वाढलेली अळी बोटाएवढी, सात सेंटीमीटरपर्यंत जाते. गंमत अशी की काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. रोठा मात्र इथलाच. पाहुण्या झाडावर त्याने चांगलाच जम बसवला.

भुंगे मुख्यतः जानेवारी ते मे या काळात बाहेर पडतात, म्हणून या महिन्यांत दर महिन्याला प्रत्येक बुंधा बघायचाच. वेगळा माणूस लावायची गरज नाही. काजू बी वेचायला बायका तेव्हा झाडाखाली वाकलेल्याच असतात. त्यांना एकदा भुसा दाखवून ठेवा आणि हातात गेरूचा खडा द्या, संशय आला की बुंध्यावर फुली. त्यांच्याइतकी चांगली टेहळणी दुसऱ्या कुणाकडून होत नाही. पावसात भुसा वाहून जातो, काही कळत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात गवत काढून पुन्हा एक फेरी मारा.

भुसा ओळखायला शिका. ताजा असेल तर तांबूस, ओलसर, डिंकात कालवलेला, बोटाने दाबला तर चिकटतो. म्हणजे अळी आत आहे, आज खाते आहे. काळा पडून सुकलेला भुसा जुना. तरी तिथली साल ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत बोगदा आहे.

आता अळी काढायची. लागतं काय? पटाशी, हातोडी आणि टोकाला आकडा केलेली सायकलची जुनी तार. ताज्या भुशाच्या जागी साल थोडी उचला, बोगदा दिसेल, भुशाने गच्च भरलेला. तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने साल सोलत जा. शेवटी अळी सापडतेच. तुटली तरी हरकत नाही, मेल्याशी मतलब. पण गडी उत्साहाच्या भरात बुंध्याभोवती गोल साल काढतात, ते अजिबात करू देऊ नका. रोठ्याने जे अर्धवट सोडलं ते पटाशी पुरं करते. चांगली साल जपा. झाड तिच्यावरच उभं राहणार आहे. मुळाशी माती उकरून तिथेही बघा, मोठ्या अळ्या खाली जातात.

आंब्याचं खोड पोखरणाऱ्या भिरुडासारखं भोकात औषधाचा बोळा घालून चिखलाने लिंपणं इथे फारसं चालत नाही. बोगदे भुशाने बुजलेले असतात, औषध पुढे जातच नाही. आधी अळी काढा, मग सोललेल्या जागेवर आणि मुळांपर्यंत क्लोरपायरीफॉस 20 टक्के प्रवाही, लिटरला 10 मिली या प्रमाणात चोळून भिजवा. हातमोजे घाला, आणि खाली बोंडू (काजूचं फळ), बी पडलेली असताना हे काम नको. शेजारच्या निरोगी बुंध्यांना मीटरभर उंचीपर्यंत 5 टक्के कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात फेटून लावा. डोस वापरण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात विचारून घ्या, शिफारशी बदलतात.

निम्म्याहून जास्त घेर खाल्लेला असेल किंवा पानं पिवळी पडून गळत असतील, तर ते झाड सोडून द्या. इथे लोकांचा जीव अडकतो: "यंदा थोडी बी देईल की!" देईलही, पण किडलेल्या सालीच्या आणि भुशाच्या वासावर माद्या येतात, शेजारच्या झाडांनाही लागतात. माझ्या मते रोठ्यावर निम्मा इलाज हाच, मेलेलं आणि मरायला टेकलेलं झाड पाऊस लागायच्या आत मुळासकट काढायचं. नुसतं तोडून खुंट ठेवलात तर मुळातल्या अळ्या तशाच राहिल्या. सोललेली साल, भुसा गोळा करून जाळा. ओंडके सालीसकट बागेत रचून ठेवू नका. साल काढा किंवा लगेच सरपणाला फोडा.

बांधापलीकडचं मेलेलं झाड हा खरा पेच. तिथे भांडून काही होत नाही. शेजारच्या काकांना मी सरळ म्हटलं, "काका, ता झाड आता काय देवचा नाय. लाकडां तुमची, तोडणावळ माझी." दोन माणसांची एका दिवसाची मजुरी गेली, पण माझ्या कडेच्या ओळीला लागलेला रोठा पुढच्या हंगामात आटोक्यात आला. वाडीतल्या सगळ्यांनी मे महिन्यात एकाच आठवड्यात अशी झाडं काढली तर आणखी बरं.

त्या खड्ड्यात नवीन कलम लावण्याआधी जुन्या मुळांचे तुकडे वेचून काढा. कलम वाढलं की जमिनीपासून पाऊण-एक मीटरपर्यंतच्या फांद्या छाटत जा, म्हणजे पुढे बुंधा तपासताना फांद्यांखाली सरपटत जावं लागणार नाही.