माणग्याचं बेट बिघडतं तोडणीत: या चुका टाळा

सिंधुदुर्गात आणि वर घाटमाथ्यावर वरकस जमिनीत माणगा बांबू लावायची सध्या धूम आहे. रोपं, खड्डे, अनुदान यावर सगळे बोलतात. बेटाची वाट लागते ती मात्र कोयता चालतो तेव्हा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे हाताशी येईल ती काठी पाडणं. नवे कोंब बेटाच्या कडेला फुटतात, जुन्या काठ्या मधे अडकून राहतात. बाहेरून तोडत गेलं की कोवळीच जाते, जिच्या कंदातून पुढचे कोंब यायचे ती. आमच्या परड्यातल्या बेटाचं दोन हंगामांत हेच झालं: मधे वाळक्या काठ्यांची गर्दी, भोवती नुसती खुंटं. एका बाजूनं वाट पाडून आत शिरा आणि तीन वर्षांवरचीच काठी काढा. पहिल्या वर्षाच्या काठीला खोळ चिकटलेली असते, अंगावर पांढरी भुकटी असते. जून काठीवर दगडफुलासारखे डाग चढतात. कोयत्याच्या पाठीनं ठोकली तर खणखणते. त्याहून सोपं, दरवर्षी नव्या काठ्यांना वेगळ्या रंगाचा पट्टा मारा.

तोड जमिनीलगत, पहिल्या-दुसऱ्या पेरावर. कमरेएवढी खुंटं ठेवलीत तर पुढच्या वर्षी आत शिरताच येणार नाही. पावसात तर कोयता लावूच नका, कोंब पायाखाली मोडतात. दिवाळीनंतर बघा.

रचलेल्या काठ्यांखाली पिठासारखी पूड दिसली? भुंगा लागला. ती काठी लगेच बाजूला काढा. कोवळ्या काठीत पिष्ट जास्त, म्हणून ती आधी पोखरली जाते. तोडलेला माल दोनेक आठवडे वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात बुडवून मग सावलीत उभा वाळवला, तर हा त्रास बराच कमी होतो.

‘बियांपासूनची माणग्याची रोपं’ स्वस्तात मिळाली तर घेऊ नका. माणग्याला बी धरत नाही. रोप कंदाचं नाहीतर काठीच्या पेराचं.

खासगी जमिनीतला बांबू 2017 च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात ‘झाड’ राहिलेला नाही, तरी माल नेताना तो आपल्याच जमिनीतला हे दाखवायला सातबारा गाडीत असू द्या.

आणि इथेनॉलच्या बातम्यांवर हिशेब मांडू नका. आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल काढायचा कारखाना आहे, पण तो तिथल्या बांबूवर. आपली काठी टोमॅटोला, केळीला आधार म्हणून जाते. त्या गिऱ्हाइकाला किती लांब, किती जाड हवी ते विचारा, तशा मोळ्या बांधा. उभं बेट उक्तं विकलंत, की कोयता पुन्हा व्यापाऱ्याच्या गड्याच्या हातात.