बॅक्युलात डीबग लेव्हल ९०० लावताय? आधी या चुका टाळा

बॅक्युला म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, आणि डीबग लेव्हल म्हणजे ते आपल्या कामाची किती बारीक नोंद लिहील, त्याचा आकडा. बॅकअप अडला की नवशिका गडी पहिली कमांड कुठली मारणार, ते मी डोळे मिटून सांगतो: बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाला कमांड द्यायची जागा) सेटडीबग, लेव्हल ९००, ट्रेस १ (म्हणजे नोंदी फाइलमध्ये लिही), ऑल. एका फटक्यात डिरेक्टर (हुकूम सोडणारा मुख्य प्रोग्रॅम), स्टोरेज डीमन (डेटा साठवणारा; डीमन म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आणि झाडून सगळे क्लायंट (ज्यांचा बॅकअप घ्यायचा त्या मशीनवरचे) बडबडायला लागतात. मग त्या ढिगाऱ्यात हवी ती ओळ सापडत नाही आणि खापर फुटतं सॉफ्टवेअरवर.

ते 'ऑल' आधी सोडा. डिरेक्टर क्लायंटला ९१०२ पोर्टवर हुकूम देतो, पण डेटा क्लायंटकडून थेट स्टोरेज डीमनच्या ९१०३ वर जातो. जॉब सुरू होऊन मध्येच तुटत असेल, तर डिरेक्टरची लेव्हल कितीही चढवा, त्याने ते पाहिलेलंच नसतं. अडलेला एक क्लायंट आणि त्याचा स्टोरेज, दोन्हीकडे लावा. एकाच बाजूचा लॉग वाचलात तर 'समोरच्याने कनेक्शन तोडलं' एवढंच कळेल. दोन्ही लॉग एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर मी आधी मधला फायरवॉल बघतो. शांत पडलेलं कनेक्शन तो गुपचूप बंद करतो. हार्टबीट इंटरव्हल, म्हणजे कनेक्शन जिवंत ठेवायला ठरावीक वेळाने निरोप पाठवायची सेटिंग, लावली की बहुतेकदा भागतं.

मी १०० ने सुरू करतो, नाही भागलं तर २००. ९०० ची गरज कोड वाचणाऱ्याला. आपण तो वाचणार आहोत का?

दुसरी चूक म्हणजे डीबग चालू ठेवून घरी जाणं. एका ऑफिसात एका घाईवाल्या पोराने शुक्रवारी संध्याकाळी हेच 'ऑल' मारलं आणि बॅग उचलली. शनिवार-रविवार फुल बॅकअप. वर्किंग डिरेक्टरी (बॅक्युलाचं कामाचं फोल्डर, ट्रेस फाइल इथेच पडते) आणि कॅटलॉगचा, म्हणजे बॅकअपच्या नोंदवहीचा, पोस्टग्रेस डेटाबेस एकाच व्हार पार्टिशनवर. ट्रेस फाइल फुगत फुगत पार्टिशन भरलं, पोस्टग्रेसला लिहायला जागा उरली नाही आणि सोमवारी जॉबची यादी लालेलाल. पोराने सेटडीबग लेव्हल ० केली, ट्रेस फाइल आरएमने (फाइल पुसायची कमांड) उडवली. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड मात्र अजूनही शंभर टक्केच दाखवतेय! मग डिस्कच खराब आहे, अशी चर्चा सुरू झाली.

डिस्क ठणठणीत होती. डीमनने फाइल उघडी धरून ठेवली असेल, तर नाव पुसलं तरी जागा सुटत नाही. लेव्हल ० केली होती, ट्रेस ० करायचं राहिलं होतं. ते केल्याबरोबर डीमनने फाइल बंद केली आणि डीएफचा आकडा खाली आला. म्हणून मी दोन्ही शून्यं एकाच ओळीत देतो आणि लगेच स्टेटस क्लायंट मारून 'डीबग=० ट्रेस=०' डोळ्यांनी बघतो. फाइल नुसती रिकामी करायची असेल तर सेटडीबगच्या ऑप्शन्समध्ये 'सी' आहे. आरएमला हात लावू नका.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या.

क्लायंटची ट्रेस फाइल क्लायंटच्याच मशीनवर, त्याच्या वर्किंग डिरेक्टरीत असते. सर्व्हरवर शोधत बसू नका.

सेटडीबग लावून वर 'सेफ साइड' म्हणून डीमन रीस्टार्ट केलात, तर लेव्हल गेली. डीमन उठतानाच मरत असेल तर तो सुरू करताना कमांड लाइनवर मायनस डी आणि लेव्हल द्या. त्याआधी मायनस टी ने कॉन्फिग तपासा. निम्मी रडगाणी तिथेच संपतात.

कॉन्फिगमधल्या मेसेजेस रिसोर्समध्ये 'ऑल' लिहिणं म्हणजे डीबग नव्हे. जॉबचे कुठले निरोप कुठे पाठवायचे, एवढंच ते ठरवतं.

दोन मशीनचे लॉग शेजारी ठेवून वाचायचे तर ऑप्शन्समध्ये 'टी' द्या, म्हणजे ओळींवर वेळ पडते. आणि दोन्हीकडे एनटीपी (मशीनची घड्याळं जुळवून ठेवणारी सोय) चालू आहे ना, ते बघा. घड्याळात चार मिनिटांचा फरक असेल तर आधी कोण तुटलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मदत मागताना अख्खी ट्रेस फाइल कुठेही चिकटवू नका. त्यात होस्टची नावं असतात, फाइलींचे पाथ असतात, आणि अकाउंट्सवाल्यांनी फोल्डरला काय काय नावं दिलेली असतात ते जगाला कळायची गरज नाही.