आंधळ्या गिनी पिगचा डोळा काढायचा की ठेवायचा, हे कसं ठरवावं

गिनी पिगला दिसेनासं झालं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, बिचाऱ्याला कापू नका, आहे तसं राहू दे. दुसरा म्हणतो, दिसतच नाही तर ठेवून करायचंय काय, टाका काढून. दोघंही डोळ्याकडे बघून बोलत असतात. जनावराकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आमच्या घरी गेली चौदा वर्षं गिनी पिग आहेत. त्यातले पाच जण एका नाहीतर दोन्ही डोळ्यांनी आंधळे. दोघांचा डोळा काढला, तिघांचे तसेच ठेवले, आणि त्या दोघांतल्या एकाच्या बाबतीत मी तीन आठवडे उशीर केला. म्हणून हे लिहितेय.

आधी आजाराचं नाव कळू द्या

‘डोळा पांढरा झालाय’ हे निदान नव्हे. आतलं भिंग पांढरं झालं असेल तर मोतीबिंदू. तो बहुतेकदा दुखत नाही, त्याला हात लावायची गरज नसते. बुबुळाभोवती पांढरं टणक कडं दिसलं तर ती डोळ्याच्या आत धरलेली हाडाची कड असू शकते. गिनी पिगमध्ये हे होतं आणि सहसा त्रास देत नाही, फक्त डोळ्यातला दाब अधूनमधून तपासायचा. खालच्या पापणीतून वाटाण्याएवढी गुलाबी-पांढरी गादी डोकावत असेल तर ती चरबी, सोडून द्या. दोन रोन रंगाच्या (रंगीत केसांत पांढरे केस मिसळलेल्या) गिनी पिगची जोडी लावली की काही पिल्लं पांढरीशुभ्र आणि बारक्या, न वाढलेल्या डोळ्यांची जन्मतात. त्यांचेही डोळे केवळ दिसत नाही म्हणून काढत नाहीत. त्यांचे दात मात्र नीट बघून घ्या, बहुतेकदा तिथंही घोळ असतो.

डोळा काढायची वेळ येते ती अशा आजारांत: औषधाला न जुमानणारा काचबिंदू (डोळ्यातला दाब वाढणं), गवताची काडी लागून झालेली आणि फुटलेली जखम, डोळ्यामागचा पू, गाठ.

डॉक्टर डोळ्यात हिरवा-पिवळा रंग टाकून जखम बघतील, दाब मोजतील. कवटीचा एक्स-रे काढायला तुम्ही स्वतः सांगा. गिनी पिगचे दात जन्मभर वाढतात, आणि वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या अगदी जवळ असतात. डोळा बाहेर येतोय आणि खरं दुखणं दाढेच्या मुळाशी आहे, असं असेल तर नुसता डोळा काढून पू परत साठतो. पैसे वाचवायला एक्स-रे टाळणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

दरम्यान गुलाबपाणी, मध, घरात पडलेले माणसांचे थेंब, यातलं काहीही घालू नका. माणसांच्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं, आणि बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड गेलं की ती जखम खोल जाते.

दुखतंय का? इथेच सगळे चुकतात

गिनी पिग शिकार होणारं जनावर आहे. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. कुत्र्यासारखं कण्हेल, मांजरासारखं कोपऱ्यात जाऊन बसेल, अशी वाट बघत बसलात तर हातात काही येणार नाही.

आमचा भुईमूग चार वर्षांचा होता. उजवा डोळा काचबिंदूने गेला, मोठा आणि निळसर दिसायला लागला. मी सगळ्यांना सांगत होते, ‘खातोय ना, मग बरा आहे.’ खातच होता तो. काकडी खात होता, कोथिंबिरीची पानं खात होता. सुकं गवत मात्र सकाळी ठेवलेलं रात्री तसंच. गवत चघळायला जबडा भरपूर हलवावा लागतो, काकडीला लागत नाही. तेव्हा ‘खातो’ हा शब्द वापरूच नका. गवत किती संपलं ते बघा. लेंड्या बघा: लहान, सुक्या, टोकदार झाल्या की पोटात पुरेसं जात नाहीये.

दुसरी गोष्ट वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर प्लास्टिकचा डबा, रोज सकाळी एकाच वेळी. माझ्या वहीत भुईमुगाचे आकडे आहेत: ९४०, ९३२, ९३५, ९१८, ९०१, ८८४, ८६१. मधल्या त्या ९३५ ला मी केवढी खूश झाले होते! एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवड्याचा उतार बघा. किलोभराच्या जनावराचे पन्नास ग्रॅम गेले की त्याच दिवशी फोन करायचा.

मग बसणं. पाठ वर काढून, अंगावरचे केस फुलवून, डोळा अर्धा मिटून एका जागी बसतो का? दात करकरतात का? जोडीदार जवळ आला की उगाच अंगावर जातो का? भुईमूग हे सगळं करत होता आणि मी ‘म्हातारा झालाय, चिडका झालाय’ म्हणत होते. चार वर्षांचा!

एवढं बघूनही खात्री होत नसेल तर डॉक्टरांना विचारून वेदनाशामक देऊन बघा. मला स्वतःला हे फार उशिरा कुणीतरी सांगितलं. डॉक्टर वजन बघून मेलोक्सिकॅमचा डोस ठरवतात. तो चार-पाच दिवस द्यायचा आणि रोज तीनच गोष्टी लिहायच्या: वजन, गवत, आवाज (खाऊची चाहूल लागली की गिनी पिग शिट्टीसारखा ओरडतो, तो). या काळात दुसरं काहीही बदलायचं नाही. पहिल्या वेळी मी औषध सुरू केलं त्याच दिवशी लाडाने पेरूही द्यायला लागले, पिंजराही खिडकीजवळ हलवला. वजन वाढलं, पण कशाने वाढलं ते कोण सांगणार? पाच दिवस फुकट गेले. परत पहिल्यापासून केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोथिंबिरीची पिशवी फ्रीजमधून काढली आणि आतल्या खोलीतून भुईमुगाची शिट्टी आली. तीन आठवडे ती शिट्टी बंद होती, आणि ती बंद आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझा निर्णय झाला.

औषधाने फरक पडला म्हणजे दुखत होतं. दाब उतरत नसेल, डोळा वाचणार नसेल, तर त्याला जन्मभर औषधावर ठेवण्यापेक्षा तो डोळा काढलेला बरा, असं माझं ठाम मत आहे. फरक पडला नाही तर मात्र ‘दुखत नाही’ असं लगेच समजू नका. जोरदार दुखण्याला एकटं मेलोक्सिकॅम पुरत नाही. डॉक्टरांना आणखी काही जोडता येईल का ते विचारा. डोस मनाने वाढवू नका आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तोडून देऊ नका.

सगळं ठीक आहे, वजन स्थिर आहे, गवत संपतंय, शिट्ट्या चालू आहेत, डोळा फक्त आंधळा आहे, तर ठेवा. गिनी पिगचं जग वासाचं, आवाजाचं आणि मिशांचं असतं. आमची तीळ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन अडीच वर्षं जगली आणि जेवणाच्या वाटीपाशी रोज पहिली पोचायची.

डॉक्टरांना काय विचारायचं

भुलेची भीती खोटी नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत (ती २००८ साली प्रसिद्ध झाली) भूल दिल्यानंतरच्या ४८ तासांतल्या मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, सशांत १.३९ टक्के आणि गिनी पिगमध्ये ३.८ टक्के निघालं. यात आधीच आजारी असलेली जनावरंही धरलेली आहेत. म्हणून वजन पार घसरायच्या आधी ठरवा. ‘बघू, अजून थोडं थांबू’ म्हणता म्हणता अशक्त जनावर टेबलावर जातं.

विचारा: गिनी पिगचे डोळे याआधी किती काढलेत? भूल आयसोफ्लुरेनची (हुंगवून द्यायच्या औषधाची) देणार का? डोळ्यामागे शिरांचं जाळं असतं, रक्तस्राव झाला तर काय करणार? अंग गरम कसं ठेवणार? आणि रात्री दवाखान्यात माणूस असतं का? रात्री कुणी नसेल तर शुद्धीवर आल्यावर घरी आणा. कुत्र्या-मांजरांतच हात बसलेल्या डॉक्टरांनी यातल्या दोन प्रश्नांना टाळाटाळ केली तर उठा. मुंबई-पुण्यात गिनी पिग, ससे, पक्षी बघणारे डॉक्टर सापडतात. गावाहून प्रवास करावा लागला तरी करा.

आणि प्रामाणिकपणे विचारायचा एक प्रश्न: पू हाडात शिरलाय का, गाठ पसरलीये का? उत्तर हो असेल आणि जनावर सहा वर्षांचं असेल, तर शांतपणे निरोप देण्याबद्दलही त्याच बैठकीत बोलून घ्या.

ऑपरेशनचा दिवस

रात्रभर उपाशी ठेवू नका. गिनी पिगला उलटी होत नाही, आणि पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात. खाणं कधी काढायचं ते डॉक्टर सांगतील, तोवर गवत समोर. जोडीदाराला सोबत न्या.

नंतरचे दहा-चौदा दिवस

पापण्या शिवलेल्या असतात, थोडी सूज दिसते. पिंजऱ्यात भुसा नको, सुती चादर अंथरा. गवत मऊ निवडून द्या. पहिल्या रात्री कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला ठेवा, नको वाटलं तर लांब जाता येईल एवढी जागा सोडून.

संध्याकाळपर्यंत आपणहून खाल्लं नाही तर पेलेट (गिनी पिगच्या खाद्याच्या सुक्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, सिरिंजने भरवायचे. सिरिंज ओठांच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे. थोडंसं द्यायचं, चघळू द्यायचं, मग पुढचं. सरळ घशात सोडलं तर फुप्फुसात जातं. रात्री दोनचा गजर लावावा लागतो, मी लावला.

अँटिबायोटिकचं नाव स्वतः वाचा. एका दवाखान्यात आम्हाला अमोक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं होतं. पोटात घ्यायचं अमोक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन गिनी पिगच्या आतड्यांतले चांगले जिवाणू मारतं आणि जनावर दगावू शकतं. चिठ्ठी हातात घेऊन तिथंच विचारा, मेडिकलवाल्याच्या काउंटरवर नको.

गिनी पिगला क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, आणि जखम भरायला ते लागतंच. रोज ढोबळी मिरचीची फोड द्या, पेरूचा तुकडा थोडाच. टाक्यांतून पू, वास किंवा पुन्हा सूज आली तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका.

पिंजऱ्यातली वाटी, बाटली, घर जिथं होतं तिथंच ठेवा. हात नेताना आधी बोला आणि दिसणाऱ्या बाजूने न्या. दोन्ही डोळे गेले असतील तर नाकासमोरून. दुसऱ्या डोळ्यातला दाब दर दोन-तीन महिन्यांनी मोजून घ्या. भुईमुगाचा डावाही पुढल्या वर्षी त्याच वाटेने गेला, आणि त्या वेळी मी वही पहिल्या दिवसापासून उघडली.