सेटिंग हलवण्याआधी: कुपवाड-मिरजेत क्वालिटीत नव्याने लागणाऱ्यांसाठी

कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसीत डिप्लोमा किंवा डिग्री करून क्वालिटीत लागलेल्या मुलांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो: ग्रीन बेल्ट (सिक्स सिग्मा या दर्जा सुधारण्याच्या पद्धतीचं प्रमाणपत्र) करू का? करा, पण वर्षभराने. सिक्स सिग्मा १९८०च्या दशकात मोटोरोलात आकाराला आलं. त्यातली बहुतेक हत्यारं त्याच्याही आधीची आहेत. ती शिकायला एक मशीन, एक जॉब (मशीनवर बनणारा भाग), एक मायक्रोमीटर आणि चौकटीचा कागद पुरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून या पट्ट्यात लेथ फिरतोय. शिकवणारी माणसं शॉपवरच भेटतात.

एकच जॉब धरा. समजा, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या लेथवर) स्टीलचा शाफ्ट टर्न होतोय, व्यास ३२ मिमी, अधिक-उणे ०.०२०. म्हणजे ३१.९८० ते ३२.०२०, एकूण ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोकळीक, म्हणजेच टॉलरन्स. ढोबळ नियम असा की साधनाचा लीस्ट काउंट (त्याला दाखवता येणारं सर्वांत छोटं माप) टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून बारीक हवा. इथे तो ४ मायक्रॉन होतो. तेव्हा ०.०२चा व्हर्निअर बाद, ०.०१चा साधा मायक्रोमीटरही बाद. एक मायक्रॉन दाखवणारा, २५ ते ५० मिमी मोजणारा डिजिटल मायक्रोमीटर लागेल. शिफ्टच्या सुरुवातीला तो २५ मिमीच्या सेटिंग रॉडवर तपासायचा. कॅलिब्रेशनचं स्टिकर ताजं आहे म्हणून ही पायरी गाळू नका. स्टिकर वर्षातून एकदा लागतं, मायक्रोमीटर मात्र आठवड्यातून दोनदा खाली पडतो.

मग मोजणाऱ्यांचा फरक काढा, म्हणजे गेज आर अँड आर. १० जॉब, ३ माणसं, प्रत्येकाने प्रत्येक जॉब ३ वेळा मोजायचा, आधीचं रीडिंग न बघता. हा फरक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० टक्क्यांच्या वर गेला तर साधन किंवा पद्धत बदला, मधलं असेल तर काम किती नाजूक आहे त्यावर ठरवा. नवी मुलं इथे एक चूक हमखास करतात: मशीनवरून लागोपाठ निघालेले दहा जॉब उचलतात. ते सगळे जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे जॉबमधला फरक छोटा दिसतो आणि चांगलं साधनही नापास होतं. जॉब वेगवेगळ्या शिफ्टमधून, इन्सर्ट (कापणारं पातं) नवा असताना आणि झिजलेला असताना असे दोन्ही वेळचे घ्या.

आता कंट्रोल चार्ट, म्हणजे प्रोसेस कशी चाललीय ते बिंदूंनी दाखवणारा आलेख. दर अर्ध्या तासाला लागोपाठ ५ जॉब मोजा, त्यांची सरासरी आणि रेंज (सर्वांत मोठा वजा सर्वांत छोटा) लिहा. असे २५ गट झाले की मर्यादा काढता येतात. समजा, सगळ्या सरासऱ्यांची सरासरी ३२.००६ आली आणि सरासरी रेंज १० मायक्रॉन. पाचच्या गटासाठी ए-टू हा गुणक ०.५७७, म्हणून सरासरीच्या चार्टच्या मर्यादा ३२.००६ अधिक-उणे ५.८ मायक्रॉन, म्हणजे साधारण ३२.००० ते ३२.०१२. रेंजची वरची मर्यादा २.११४ गुणिले १०, म्हणजे २१ मायक्रॉन. या रेषा प्रोसेसच्या आहेत. काही ठिकाणी चार्टवर ड्रॉइंगचेच आकडे, ३१.९८० आणि ३२.०२०, आखलेले असतात आणि सगळे खुश असतात, कारण बिंदू कधी बाहेर जातच नाही. तो चार्ट नव्हे, सजावट!

सिग्मा (पसाऱ्याचं माप) म्हणजे सरासरी रेंज भागिले २.३२६, इथे ४.३ मायक्रॉन. सीपी (पसारा टॉलरन्समध्ये किती सहज मावतो) म्हणजे ४० भागिले सहा सिग्मा, १.५५. सीपीकेसाठी (यात मध्य कुठे आहे तेही धरतात) जवळची हद्द बघायची: ३२.०२० पासून सरासरी १४ मायक्रॉनवर आहे, भागिले तीन सिग्मा, १.०९. ग्राहक सहसा किमान १.३३ मागतो, नव्या पार्टला सुरुवातीला १.६७. सीपी चांगला आणि सीपीके पडलेला, याचा पुस्तकी अर्थ एकच: पसारा ठीक आहे, मध्य सरकलाय. उपायही पुस्तकी: ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) ६ मायक्रॉनने खाली घ्या.

इथेच हात आवरा. जॉब मशीनमधून काढल्या काढल्या मोजला होता का? कूलंट (कापताना थंड ठेवणारा द्रव) कमी पडत असेल तर तो चांगला गरम असतो. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३२ मिमीला दर अंशाला ०.३७ मायक्रॉन. शॉपचं तापमान ३० आणि जॉबचं ४६ असेल, तर फरक १६ अंशांचा आणि वाढ जवळपास ६ मायक्रॉनची. तेच पाच जॉब मायक्रोमीटरशेजारी तासभर ठेवून परत मोजा, सरासरी ३२.००० येईल. प्रोसेस मध्यावरच होती. ऑफसेट हलवला असता, तर गार झालेले जॉब ३१.९९४ला बसले असते आणि सीपीके पुन्हा १.०९, फक्त उलट्या बाजूला. ड्रॉइंगचं माप २० अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही स्टीलचे आणि एकाच तापमानाला असतील तर चूक बरीचशी कटते, म्हणून दोन्ही शेजारी ठेवायचे. (हे लोखंडापुरतंच नाही. तासगावकडे बेदाण्याची द्राक्षं उतरवण्याआधी ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) बघायचा रिफ्रॅक्टोमीटरही २० अंशांवर बेतलेला असतो. त्यात तापमानाची आपोआप दुरुस्ती नसेल तर उन्हातलं रीडिंग फसवतं.)

दुसरा धोका जास्त प्रामाणिक माणसाकडून येतो. ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजतो, ८ मायक्रॉन वर आला की ऑफसेट ८ने खाली, पुढचा ५ खाली आला की ५ने वर. मन लावून काम चाललेलं दिसतं. पण चार-पाच मायक्रॉनची हलचल मशीनच्या स्वभावातच आहे. तिच्यामागे प्रत्येक वेळी धावलं की पसारा १.४१ पट होतो आणि १.५५चा सीपी १.१०वर येतो. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये कंट्रोल चार्ट मांडला तो याचसाठी: रोजची हलचल कोणती आणि खरोखर काही बिघडलंय कुठे, हे वेगळं करायला. बिंदू मर्यादेबाहेर जात नाही तोवर ऑफसेटला हात नाही. अपवाद इन्सर्टच्या झिजेचा. झीज होते तसा व्यास हळूहळू वाढत जातो. किती जॉबनंतर किती करेक्शन द्यायचं, ते चाचणी घेऊन आधीच ठरवून मशीनवर लिहून ठेवायचं.

रिजेक्शनच्या नोंदीत कारण म्हणून ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलं की तपास तिथेच संपतो. त्याऐवजी आठवडाभर दोष, मशीन, शिफ्ट आणि वेळ अशी खुणांची शीट भरा. समजा, लांबी कमी येण्याचे दोष टूल बदलल्यानंतरच्या तासात गोळा होतायत. जॉब लोकेटरवर (जागेवर बसवणाऱ्या आधारावर) पूर्ण टेकत नाही, कारण मध्ये चिप (कापलेल्या धातूचा तुकडा) अडकते. चिप धुतली जात नाही, कारण कूलंटचा फवारा तिथे पोचत नाही. टूल बदलताना सेटर लवचीक नोझल बाजूला वाकवतो आणि परत कुठे आणायचं याची खूणच नाही. ‘सेटरला समज दिली’ हा उपाय नव्हे. कडक पाइपचं नोझल ब्रॅकेटवर बसवणं हा उपाय. मग दोन आठवडे तीच शीट भरत राहा आणि त्या काळात दुसरं काही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

विचारण्याची रीतही महत्त्वाची. वीस वर्षं मशीनवर असलेल्या माणसाला “का चुकलं?” विचारलं की माहिती बंद. “मामा, जरा करून दाखवता का, नोझल कसं हलवता?” म्हटलं की तो दोन गोष्टी जास्तीच्या दाखवतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयएसओ ९००१ हे १९८७ सालापासूनचं सर्वसाधारण मानक, आयएटीएफ १६९४९ वाहन उद्योगाचं. फाइव्ह एसची (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीची) पाटी भिंतीवर असतेच. नवीन माणसाने गेज ठेवायच्या जागेपासून सुरुवात केली तरी पुरे. कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी, कसं तपासायचं याच्या तक्त्यात) सगळ्यात आधी शेवटचा रकाना वाचा: बिंदू बाहेर गेला तर कोण, काय करणार. तिथे नुसतं ‘इनचार्जला कळवा’ असेल, तर रात्रपाळीला इनचार्ज कोण असतो ते विचारून घ्या. मधल्या काळात निघालेले जॉब कुठे बाजूला ठेवायचे आणि मागचे किती परत तपासायचे, हेही तिथेच लिहून घ्या.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: “सीपी १.५५, सीपीके १.०९, काय कराल?” बहुतेक जण ‘ऑफसेट बदलू’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही आधी विचारा, रीडिंग घेतलं तेव्हा जॉब गरम होता का.