बॅकगॅमन स्पर्धेतील कलते फासे आणि घड्याळ : या चुका टाळा

रत्नागिरी, मालवण किंवा सावंतवाडीत कोणी बॅकगॅमनची (दोघांनी फासे टाकून सोंगट्या हलवण्याच्या पटावरच्या खेळाची) छोटी स्पर्धा भरवली, तर पट, सोंगट्या आणि फाशांचे कप यांची जमवाजमव लवकर होते. नियमांचा कागद मात्र बहुधा पहिला वाद झाल्यावरच लिहायला घेतला जातो. कलता (सपाट न टेकलेला) फासा आणि घड्याळ या दोन बाबी तरी पहिल्या फेरीपूर्वी लेखी ठरलेल्या असाव्यात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोनपैकी एकच फासा पुन्हा टाकणे. प्रचलित नियमानुसार दोन्ही फासे कपात हलवून एकाच वेळी, आपल्या उजव्या हाताच्या अर्ध्या पटावर टाकायचे असतात आणि ते सपाट टेकले तरच दान वैध ठरते. एखादा फासा सोंगटीवर चढला, कडेला टेकून कलला किंवा पटाबाहेर गेला, तर दुसऱ्यावरचा आकडा कितीही स्पष्ट दिसत असला तरी दोन्ही फासे पुन्हा कपात जातात. सपाट पडलेला सहा तसाच ठेवून फक्त कलता फासा टाकू दिला, तर त्या क्षणापासून सहा-सहा पडण्याची शक्यता 36 पैकी 1 ऐवजी 6 पैकी 1 होते, आणि मग कोणता फासा सपाट होता यावरच भांडण जुंपते. (ल्यूडोच्या सवयीने हाताने फासा टाकणाऱ्यांनाही आधीच समज द्यावी.) अलीकडे काही स्पर्धांत डाव्या अर्ध्या पटावरचे किंवा सोंगटीवर सपाट बसलेले फासेही मान्य होतात. यापैकी कोणताही नियम निवडावा, पण तो सर्व पटांवर एकच असावा.

शंका आल्यास बोटाने फासा दाबून पाहणे ही दुसरी चूक, कारण त्यामुळे पुरावाच नाहीसा होतो. फाशांना हात न लावता घड्याळ थांबवावे आणि स्पर्धा संचालकांना बोलवावे.

घड्याळाच्या चुका बहुतेक वेळा बुद्धिबळ मंडळाकडून आणलेल्या घड्याळापासून सुरू होतात. बॅकगॅमनमध्ये सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी, की प्रत्येक पाळीला 12 सेकंदांचा डिले, म्हणजे मोफत सवड, मिळतो आणि तो संपल्यावरच राखीव वेळ खर्च होऊ लागतो. ही राखीव वेळ सामन्याच्या प्रत्येक गुणामागे 2 मिनिटे, म्हणजे 7 गुणांच्या (आधी 7 गुण मिळवणारा जिंकतो अशा) सामन्याला प्रत्येकी 14 मिनिटे असते. घड्याळ चुकून इन्क्रिमेंटवर, म्हणजे प्रत्येक पाळीला ठरावीक सेकंद वेळेत जमा करणाऱ्या पद्धतीवर लावले, तर न वापरलेले सेकंद शिल्लक पडत जातात आणि झटपट खेळणाऱ्याची वेळ संपण्याऐवजी वाढू लागते. राखीव वेळ संपल्यावर सामना गमवावा लागणार की दंडाचे गुण द्यावे लागणार, हेही आधी जाहीर करावे.

घड्याळ असेल तेव्हा पाळी संपते ती घड्याळ दाबल्यावर, म्हणून त्याआधी फासे उचलू नयेत. प्रतिस्पर्ध्याने घड्याळ दाबण्यापूर्वीच आपण दान टाकले, तर एका प्रचलित नियमानुसार ते दान कायम राहते आणि प्रतिस्पर्धी ते पाहून आपली चाल पूर्ण करतो. मला हा नियम रास्त वाटतो, कारण उतावळेपणाचा भुर्दंड उतावळ्यालाच बसतो. कलते दान पुन्हा टाकताना मात्र घड्याळ थांबवण्याचे कारण नाही, कारण तेवढ्यासाठी डिले पुरतो. फासा जमिनीवर घरंगळला किंवा वाद उद्भवला तरच ते थांबवावे.

एकाच पटावर वारंवार फासे कलत असतील, तर दोष नियमांत शोधू नये. किनारपट्टीच्या दमट पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि पटाचा तळ वाकतो. फेरीपूर्वी पटाच्या चारही भागांत फासा ठेवून तो डुलतो का, हे पाहावे आणि डुलत असल्यास पट बदलावा. सावंतवाडीच्या कारागिराकडून नवा पट करवून घेणार असाल, तर लाखेचे चकचकीत काम बाहेरच्या बाजूला ठेवून आत बुचाचा किंवा जाड कापडाचा थर लावून घ्यावा, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर फासे घसरत जाऊन सोंगट्यांना टेकतात.